उज्जीवन सभा पुढे ढकलून चौघाचौघांचे गट: शिष्यत्व आणि साक्ष यांचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

ही मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातली. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे उघडले. त्यानंतर आसपासच्या गावांत ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांपैकी ही एक. रजिस्टरवर ९२ कुटुंबे आहेत. रविवारी उपासनेला सव्वाशेच्या आसपास माणसे येतात, नाताळला मात्र बाहेर मांडव घालावा लागतो. बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या पिढीचे ख्रिस्ती: शिक्षक, परिचारिका, एमआयडीसीतले कामगार, काही शेतकरी. माणसांची ओळख पटू नये म्हणून व्यवसाय आणि काही बारकावे बदलले आहेत.

मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीने त्या वर्षी पाच दिवसांची उज्जीवन सभा, म्हणजे विश्वास जागवणारी जाहीर सभा, ठरवली होती. बाहेरचा वक्ता, मांडव, ध्वनिक्षेपक, १०,००० पत्रके असा एकूण अंदाज १,८०,००० रुपये. कारण स्पष्ट होते. अकरा वर्षांत मंडळीबाहेरून एकही प्रौढ माणूस बाप्तिस्म्यासाठी पुढे आला नव्हता. 'महाआज्ञा आपण विसरलो' (सर्वांना शिष्य करा, ही येशूची आज्ञा) ही खंत खरी होती आणि ती बोलून दाखवणारे वडीलजन मनापासून बोलत होते.

नव्याने आलेल्या पाळकांनी मंजुरीआधी जुनी फाइल मागितली. चार वर्षांपूर्वीच्या सभेत १४३ जणांनी 'निर्णयपत्र' (येशूला मानण्याचा निर्णय नोंदवणारे कार्ड) भरले होते. ती कार्डे कपाटात रबरबँड लावून पडली होती. त्यातल्या एकाकडेही कोणी गेलेले नव्हते.

अडचण नेमकी कुठे होती

पाळकांनी कमिटीतल्या आणि तरुण संघातल्या बारा जणांना एकेकट्याने एक साधी गोष्ट विचारली. शेजारच्या घरातल्या माणसाने 'तुम्ही येशूला का मानता' असे विचारले, तर दोन मिनिटांत काय सांगाल? नऊ जणांनी आजोबा-पणजोबांच्या बाप्तिस्म्याची हकिगत सांगितली. दोघांनी दृढीकरणाच्या (लहानपणी बाप्तिस्मा झालेल्याने मोठेपणी स्वतः विश्वास जाहीर करण्याच्या विधीच्या) वर्गात पाठ केलेली उत्तरे म्हटली. स्वतःच्या आयुष्यातले काही सांगितले ते एका परिचारिकेने. तिच्या बोलण्यातही तारण, अभिषेक, कोकऱ्याचे रक्त असे शब्द इतके होते की मंडळीबाहेरच्या माणसाला अर्धे कळले नसते.

या माणसांना लाज वाटत होती किंवा त्यांचा विश्वास कोरडा होता, असा निष्कर्ष चुकीचा ठरेल. पंधराव्या-सोळाव्या वर्षी दृढीकरण होते, पहिले प्रभुभोजन घेतले जाते आणि त्यानंतर पुढची पन्नास वर्षे कोणी शेजारी बसून विचारत नाही की तू प्रार्थना कशी करतोस, रागाचे काय करतोस, पगारातले किती देतोस. ज्याला कोणी शिष्य म्हणून घडवले नाही, त्याच्याकडून साक्षीची, म्हणजे आपला विश्वास दुसऱ्याला सांगण्याची, अपेक्षा करणे अन्याय आहे. मत्तय २८:१९-२० मध्ये बाप्तिस्म्याच्या लगेच पुढे 'पाळायला शिकवा' येते. मंडळीत ते वाक्य पहिल्या अर्ध्यावरच थांबत होते.

समोर असलेले पर्याय

सभा घेणे हा पहिला पर्याय. त्याच्या बाजूने उत्साह होता, वर्गणीही जमली असती. विरुद्ध बाजूला ती १४३ कार्डे होती. शिवाय कायद्याचा मुद्दा होता. घटनेच्या २५ व्या कलमाने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. पण स्टेनिस्लॉस खटल्यात १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे मांडणे, दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा तो हक्क नव्हे. मांडवात घाईघाईने भरून घेतलेली कार्डे उद्या कोणी पुढे केली, तर मंडळीकडे उत्तर नव्हते. मुळात ती घाई त्या माणसांच्या दृष्टीनेही बरी नव्हती.

दुसरा पर्याय पगारी सुवार्तिक, म्हणजे धर्मप्रचारक, नेमण्याचा. महिना १५,००० रुपयांत माणूस मिळाला असता. या भागात ही वाट जुनी आहे. मिशनच्या काळात प्रचारक, शिक्षक आणि बायबलबाई (घरोघरी स्त्रियांना बायबल वाचून दाखवणाऱ्या बाया) पगारावर गावोगाव जात. त्यांनी केलेले काम मोठे आहे, त्याबद्दल आदरच हवा. पण त्याचा एक परिणाम असा झाला की साक्ष देणे हे पगारी माणसाचे काम आणि आपले काम उपासनेला येण्याचे, ही समजूत घराघरांत मुरली. आणखी एक पगार सुरू केला असता, तर ती समजूतच पक्की झाली असती.

तिसरा पर्याय, रविवारी उपासनेनंतर सर्वांसाठी छापील अभ्यासक्रम. स्वस्त आणि सोपा. पण चाळीस माणसांच्या वर्गात कोणाला काही कबूल करावे लागत नाही. गाळलेल्या जागा भरून होतात, माणूस तसाच राहतो.

चौथा पर्याय चौघाचौघांच्या गटांचा, एक वर्षभर. याला पैसे जवळजवळ लागत नव्हते. लागत होता वेळ, आणि दाखवायला काहीच मिळणार नव्हते. कमिटीची बैठक दोनदा झाली. शेवटी एका मताच्या फरकाने सभा एक वर्ष पुढे ढकलली गेली. विरोधात मत देणाऱ्या एका ज्येष्ठ पंचांनी मात्र स्वतःहून गटात नाव दिले, आणि पुढे या उपक्रमाला त्यांचाच सर्वांत मोठा आधार झाला.

केलेली आखणी

चार गट, प्रत्येकी चार माणसे, पुरुषांचे दोन आणि स्त्रियांचे दोन. कालावधी ४० आठवडे. पहिले ३२ आठवडे मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे मार्कने लिहिलेले येशूचे चरित्र, दर आठवड्याला अर्धा अध्याय. उरलेल्या आठ आठवड्यांत प्रार्थना, पैसा, क्षमा आणि साक्ष. बैठक ७५ मिनिटांची: पहिली १५ मिनिटे गेल्या आठवड्यात काय केले त्याचा हिशेब, मग ३० मिनिटे वाचन आणि बोलणे, १५ मिनिटे 'या आठवड्यात मी काय करणार' हे प्रत्येकाने वहीत लिहिणे, शेवटची १५ मिनिटे प्रार्थना. हिशेब सुरुवातीला ठेवण्याला कारण आहे. तो शेवटी ठेवला की वेळ संपतो, आणि संपलेला वेळ सर्वांनाच सोयीचा असतो.

नियम मोजके ठेवले. पुढाऱ्याने एकूण वेळेच्या चौथाईपेक्षा जास्त बोलायचे नाही. इथले बोलणे बाहेर जाणार नाही. 'आपण सर्वांनी प्रेम करायला हवे' असा निश्चय चालणार नाही, 'शुक्रवारी भावाला फोन करीन' असा हवा. प्रत्येकाने ओळखीतल्या तीन अख्रिस्ती माणसांची नावे लिहून त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करायची, पण ती नावे गटाबाहेर कोणाला दाखवायची नाहीत. शेजारी हा शेजारीच राहिला पाहिजे. आपण कोणाच्या यादीत आहोत हे त्याला कळले, तर त्याला दुखावले जाण्याचा पूर्ण हक्क आहे.

वेळ ठरवताना पहिलाच अडथळा आला. कारखान्यातल्या पुरुषांची शिफ्ट दर आठवड्याला बदलते, त्यामुळे 'दर गुरुवारी संध्याकाळी' हे दोनच आठवडे टिकले. मग फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळी, सेकंडच्या आठवड्यात सकाळी नऊला आणि नाइटच्या आठवड्यात रविवारी उपासनेनंतर, असा फिरता तक्ता केला. स्त्रियांचे गट दुपारी अडीचला बसले. संध्याकाळी पाण्याची वेळ आणि स्वयंपाक यांत कोणालाही निवांत बसता येत नव्हते.

दहाव्या आठवड्यापासून साक्षीचा सराव सुरू झाला. तीन मिनिटे: आधी आयुष्य कसे चालले होते, ख्रिस्ताने त्यात काय केले, आज काय वेगळे आहे. उपासनेतले शब्द वापरायचे नाहीत. नमुना म्हणून योहान ९ मधला जन्मांध माणूस घेतला. त्याला धर्मशास्त्राच्या प्रश्नांची उत्तरे येत नाहीत, पण आपल्याला काय झाले ते तो कोणालाही न घाबरता सांगतो. दुसरा नमुना मार्क ५:१९. गरसेकरांच्या प्रदेशातल्या त्या माणसाला येशूने सोबत नेले नाही, घरी आपल्या माणसांकडे धाडले. आणि १ पेत्र ३:१५ मधली अट सर्वांनी पाठ केली: विचारले तर उत्तर द्या, पण सौम्यतेने आणि आदराने.

काय बिघडले

सहाव्या ते नवव्या आठवड्यात तीन गोष्टी एकदम बिघडल्या. एका गटात निवृत्त मुख्याध्यापक पुढारी होते. त्यांची बैठक तासाभराचे प्रवचन झाली, आणि समोरचे तिघे विद्यार्थ्यांसारखे मान डोलावू लागले. पाळकांनी त्यांना काढले नाही. दर बैठकीत फक्त प्रश्न विचारण्याचे काम त्यांना दिले आणि उत्तर देण्याची मनाई केली. त्यांना ते जड गेले, पण जमले.

स्त्रियांच्या एका गटात एकीने नवऱ्याच्या दारूबद्दल सांगितले. चार दिवसांत ते महिला मंडळात पोहोचले. ज्या बाईंनी ते 'प्रार्थनेचा विषय' म्हणून पुढे सांगितले, त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण जखम झाली. दोघी गट सोडून गेल्या, त्यातली एक परत आली. प्रार्थनेच्या नावाखाली गुपित फुटते, हे मंडळ्यांमध्ये इतके सर्रास घडते की पहिल्याच दिवशी हा प्रकार नाव घेऊन सांगायला हवा होता.

तिसरी चूक पाळकांची. 'या आठवड्यात किती जणांशी बोललात' हे ते विचारू लागले. लगेच आकडे येऊ लागले. एका तरुणाने आकडा भरावा म्हणून बसमध्ये शेजारच्या प्रवाशाच्या हातात पत्रक कोंबले आणि वाद ओढवून घेतला. मोजणी तेव्हाच बंद केली. त्याऐवजी 'या आठवड्यात कोणाचे नीट ऐकून घेतले' असा प्रश्न सुरू झाला.

एक माणूस पुढे येतो

पुरुषांच्या गटातल्या एका फिटरने पूर्वी कारखान्याच्या स्टोअरमधून बेअरिंग आणि वेल्डिंग रॉडची पाकिटे घरी नेली होती. मार्कच्या दहाव्या अध्यायातला श्रीमंत माणूस वाचल्यावर त्याने वहीत लिहिले, 'सुपरवायझरला सांगणार.' त्याने सांगितले आणि पैसे भरले. त्याला मेमो मिळाला, नोकरी वाचली. त्याच्या शिफ्टमधल्या सोबत्याने विचारले, "भाऊ, कोणी पकडलं नव्हतं, मग कशाला सांगितलंस?" फिटरने आपली तीन मिनिटे सांगितली. सोबत्याने मार्कची प्रत मागून घेतली, आणि गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर दोघे आठवड्यातून एकदा वाचू लागले. कारखान्याच्या आवारात वाचायचे नाही, हे फिटरने स्वतःच ठरवले होते.

हा सोबती अनुसूचित जातीतला, हिंदू, घरी बायको, एक मुलगा आणि विधवा आई. चौथ्या महिन्यात त्याने बाप्तिस्म्याबद्दल विचारले. इथून पुढचे निर्णय या प्रकरणात सर्वांत कठीण होते.

निर्णय पहिला: त्याला पुढे उभे करायचे का? पुनरुत्थानदिनाच्या (ईस्टरच्या) उपासनेत त्याने साक्ष द्यावी, असा वडीलजनांचा आग्रह होता. "पाळकसाहेब, अकरा वर्षांनी देवानं माणूस दिलाय, मंडळीला दिसू द्या." पाळकांनी नकार दिला. त्याच्या आईला अजून काही माहीत नव्हते. तिला ही बातमी व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोतून कळली असती, तर मुलाने फसवले, असेच तिला वाटले असते. फोटो काढायचा नाही, असे ठरले. तरीही एका तरुणाने गटात प्रार्थना करतानाचा फोटो स्टेटसला टाकला. तासाभरात काढायला लावला, पण तेवढ्यात तो सोबत्याच्या चुलतभावाने पाहिला होता.

निर्णय दुसरा: बाप्तिस्मा कधी? लगेच द्यावा म्हणणाऱ्यांकडे प्रेषितांची कृत्ये ८ मधला कूशी (इथिओपियातला) अधिकारी होता; रस्त्यात पाणी दिसले आणि फिलिप्पाने त्याला बाप्तिस्मा दिला. थांबावे म्हणणाऱ्यांकडे लूक १४:२८, बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करणारा माणूस. आमच्या मते दोन्ही बाजू शास्त्राला धरून होत्या, पण खर्चाची माहिती त्या सोबत्याला दिलेलीच नव्हती, म्हणून थांबणे योग्य होते. त्या खर्चात एक गोष्ट कागदावरची होती. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच अनुसूचित जातीचा दर्जा मिळतो. शिखांचा समावेश १९५६ मध्ये झाला, बौद्धांचा १९९० मध्ये. ख्रिस्ती झाल्यावर तो दर्जा राहत नाही. म्हणजे त्याचे आरक्षण आणि मुलाची शिष्यवृत्ती यांवर थेट परिणाम.

कमिटीतल्या एकाने सुचवले की बाप्तिस्मा घ्यावा आणि कागदावर काही बदलू नये, 'सगळे तसेच करतात'. पाळकांनी हे ठामपणे नाकारले. नव्या जीवनाची सुरुवात खोट्या प्रतिज्ञापत्राने करायला कोणाला सांगणे हा त्याच्यावरचा अत्याचार आहे, आणि उद्या तपासणी झाली तर शिक्षा त्याला होणार, सल्ला देणाऱ्याला नाही. वकिलाकडून त्याच्यासाठी लेखी मत घेतले. ते त्याने घरी नेऊन बायकोला वाचून दाखवले. मंडळीने त्याला 'घे' असेही सांगितले नाही आणि 'थांब' असेही नाही. एवढेच सांगितले की बाप्तिस्मा होईपर्यंतही तो येशूचा माणूस म्हणून इथे बसू शकतो. या मातीत त्याला आधार आहे. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' हा संघ काढला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी खुला होता.

निर्णय तिसरा: आईचा देव्हारा. सोबत्याने स्वतः पूजा करणे थांबवले होते. गटातल्या एकाने त्याला सांगितले की घरात मूर्ती ठेवू नकोस. पण घर आईचे होते आणि देव तिचे होते. चैत्रात कुलदैवताची जत्रा आली. आईचे गुडघे गेलेले, ती दर वर्षी मुलाच्या मोटारसायकलवरूनच जायची. न्यायचे की नाही? गटात यावर तीन बैठका गेल्या. मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दलचे १ करिंथ ८ आणि १० वाचले. मग ज्येष्ठ पंचांनी २ राजे ५ काढले. अरामी सेनापती नामान बरा झाल्यावर अलीशाला विचारतो की माझा धनी रिम्मोनाच्या मंदिरात माझ्या हातावर टेकून वाकेल, तेव्हा मलाही वाकावे लागेल, त्याची क्षमा व्हावी. अलीशा त्याला झिडकारत नाही, शांतीने जा म्हणतो. पंचांचे म्हणणे असे, की ज्या हाताचा आधार म्हातारी आई घेते, तो काढून घ्यायला आपण कोण? सोबत्याने आईला नेले, देवळाच्या पायरीपर्यंत सोडले आणि बाहेर थांबला. नारळ फोडला नाही. आईने विचारले तेव्हा खरे ते सांगितले. गटातल्या दोघांना हे आजही पटलेले नाही, आणि त्यांचा आक्षेप हलका नाही. उंबरठ्याबाहेर थांबणे म्हणजे नेमके काय, हे शेजारपाजारच्यांना कळत नाही. आमचा कौल पंचांच्या बाजूने आहे.

निर्णय चौथा: पैसा. आईच्या औषधांसाठी सोबत्याने ६,००० रुपये उसने मागितले. गटाला वाटले मंडळीच्या मदतनिधीतून द्यावेत. इथे मंडळीची आठवण कामी आली. १८७६-७८ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशनने अनेकांचे जीव वाचवले, पण 'धान्यासाठी धर्म' हा टोमणा त्यांच्या नातवंडांनी आयुष्यभर ऐकला. ठरले असे की जो शोधात आहे, त्याला मंडळीच्या निधीतून एक रुपयाही नाही. फिटरने मात्र स्वतःच्या खिशातून ३,००० दिले, कारण दोघे एकमेकांना सहा वर्षांपासून उसने देत-घेत होते. तो येशूकडे वळू लागल्याबरोबर ही मदत थांबवणे हेही खोटेच झाले असते. आईची गोळी बंद करून फक्त प्रार्थना करा, असे एकीने सुचवले होते. तिथे परिचारिकेने लगेच हस्तक्षेप केला: गोळी चालू राहील, प्रार्थनाही चालू राहील.

परिणाम

सोळापैकी अकरा जणांनी ४० आठवडे पूर्ण केले. त्यातल्या पाच जणांनी पुढच्या वर्षी स्वतःचे गट सुरू केले, तीन टिकले. रविवारची हजेरी जवळजवळ तेवढीच राहिली, आणि कमिटीत त्यावर नाराजी आहे. एकूण खर्च ९,४०० रुपये: शुभवर्तमानाच्या प्रती, वह्या, चहा आणि वकिलाची फी.

सोबत्याचा बाप्तिस्मा पहिल्या संभाषणानंतर चौदा महिन्यांनी नेहमीच्या रविवारच्या उपासनेत झाला. नाव बदलले नाही. जातीचे प्रमाणपत्र त्याने आणि बायकोने विचार करून सोडले. मुलाची शिष्यवृत्ती गेली, फी आता ओव्हरटाइममधून जाते. चुलतभाऊ बोलत नाही. आई त्याच्याबरोबर राहते, जत्रेला तोच नेतो. बायकोने बाप्तिस्मा घेतलेला नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी चूक बायकोबाबतची. टपरीवर पुरुष पुरुषाशी बोलत राहिले. पाच महिने मंडळीतली एकही स्त्री तिच्या घरी गेली नाही. शिष्यवृत्ती जाणार हे तिने वकिलाच्या कागदावरून ऐकले, पण नवरा कशामुळे बदलतो आहे हे तिला कोणी सांगितलेच नाही. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्यानंतर ताटातुटीची वर्षे काढावी लागली आणि त्यांनी स्वतः विश्वास पत्करला तो बऱ्याच काळाने. हा इतिहास पाठ असलेल्या मंडळीने तरी पहिल्याच महिन्यात परिचारिकेला त्या घरी पाठवायला हवे होते, पुस्तक घेऊन नव्हे, नुसती भेटायला.

दुसरे, गाणे वापरले नाही. 'उपासना संगीत' हे गीतांचे पुस्तक घरोघरी असताना चाळीस आठवड्यांच्या आखणीत भजनाला पाच मिनिटेही नव्हती. मार्क वाचून कंटाळणाऱ्या सोबत्याच्या आईला टिळकांचा अभंग चटकन कळला असता, कारण ती चाल तिची आहे. तिसरे, पाळकांची बदली होणार हे सर्वांना माहीत होते. ती सोळाव्या महिन्यात झाली, आणि दोन गट त्यांच्याबरोबरच थांबले. पुढारी सुरुवातीपासून जोडीने नेमायला हवे होते. २ तीमथ्य २:२ मध्ये पौल, तीमथ्य, विश्वासू माणसे आणि त्यांनी शिकवलेले इतर अशा चार पिढ्या आहेत, इथे आखणी दोघांपर्यंतच गेली.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर नवे गट बसतील. त्यात फिटर आणि त्याची बायको एकाच वेळी दोन गट चालवणार आहेत, कायद्याची बाजू पहिल्या महिन्यातच समजावली जाईल आणि कायदा बदलत असल्याने वकिलाचे मत प्रत्येक वेळी नव्याने घेतले जाईल. परिचारिका दर बुधवारी दुपारी सोबत्याच्या घरी जाते. बायको अजून प्रश्न विचारते आहे, आणि तिला कोणी घाई केलेली नाही.